न्यूक्लिओसोमचे स्थान, आकार आणि विकरांची निवड : गीता नारळीकर यांच्या संशोधनाचा परामर्श

१

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यात, जानेफळच्या परिसरात, तूर व सोयाबीन यांच्या जोडीने कपाशीचे पीक घेतले जाते. बोंड उकलल्यावर जो पांढरा कापूस दृष्टीस पडतो त्याचा एकेक तंतू म्हणजे एकेक पेशी होय, ही गोष्ट वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यास नवीन नाही. बीजांडाच्या बाह्य त्वचेतील पेशींपैकी सुमारे पाव ते एकतृतीयांश पेशी फूल उमलण्याच्या सुमारास लांबू लागतात आणि पुढे त्यांची लांबी दोन-अडीच सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक होते. त्यांना अगदी लागून असलेल्या पेशी मात्र आखूडच राहतात. दोहोंच्या केंद्रकांतील डीएनए एकच; दोहोंना मिळणारे अन्नपाणीही जवळजवळ एकच. असे असता एका पेशीत जी जनुके जागी होतात ती शेजारच्या पेशीत निद्रिस्त राहतात, याचा उलगडा जनुकांच्या केवळ अक्षरक्रमावरून होत नाही. तो शोधावयाचा तर डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांकडे वळणे प्राप्त आहे.

ही प्रथिने म्हणजे हिस्टोन. त्यांच्यावर ॲसिटिल, मिथिल इत्यादी रासायनिक गट चढविणारे व उतरविणारे विकर पेशीत असतात. त्यांना येथे सोयीसाठी ‘परिवर्तक विकर’ म्हटले आहे. याशिवाय एटीपीच्या विघटनातून मिळणारी ऊर्जा खर्च करून डीएनएवरील हिस्टोनांची मांडणी हलविणारे दुसरे विकर असतात. त्यांना ‘पुनर्रचक’ म्हटले आहे. पहिल्या वर्गातील विकर कोठे बसावा व कोठे बसू नये हे दुसऱ्या वर्गातील विकर कितपत ठरवितात, हा प्रस्तुत परामर्शाचा विषय आहे. या प्रश्नाच्या मुळाशी जाणारे जे मोजके संशोधन गेल्या पंचवीस वर्षांत झाले त्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील शाखेतील डॉ. गीता नारळीकर यांचे कार्य अग्रभागी आहे. त्या कार्याचे स्वरूप सांगून त्याचे मोल ठरविणे आणि त्याच्या मर्यादा दाखविणे, हा या लेखाचा हेतू होय.

२

प्रथम पार्श्वभूमी पाहणे अवश्य आहे. सुमारे १४७ बेस-जोड्यांचा डीएनए आठ हिस्टोनांच्या गाभ्याभोवती पावणेदोनला थोडे कमी इतके वेढे घेतो, व त्यातून न्यूक्लिओसोम हा क्रोमॅटिनचा घटक तयार होतो. गाभ्यात एच२ए, एच२बी, एच३ व एच४ या चार प्रकारच्या हिस्टोनांचे प्रत्येकी दोन रेणू असतात. रॉजर कोर्नबर्ग यांनी १९७४ साली या रचनेचे सूत्र मांडले. १९९७ साली झुरिच येथे कॅरोलिन लुगर, टिमथी रिचमंड व त्यांचे सहकारी यांनी क्ष-किरणांच्या साह्याने २·८ ॲंगस्ट्रॉम इतक्या बारकाव्याने तिचे चित्र मिळविले. त्या चित्रात हिस्टोनांचे लवचीक शेंडे गाभ्याबाहेर आलेले दिसतात. परिवर्तक विकरांचे कार्य बव्हंशी या शेंड्यांवर चालते.

हिस्टोनांच्या ॲसिटिलीकरणाचा जनुकांच्या जागृतीशी संबंध असावा, अशी कल्पना व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी १९६४ साली मांडली होती. ती तीन दशके बाजूस पडली. १९९६ साली डेव्हिड ॲलिस यांच्या प्रयोगशाळेने ॲसिटिल गट चढविणारा विकर ओळखला आणि त्याच वर्षी स्टुअर्ट श्रायबर यांच्या प्रयोगशाळेने तो उतरविणारा विकर ओळखला, तेव्हा या कल्पनेला बळ आले. २००० साली ब्रायन स्ट्राल व ॲलिस यांनी हिस्टोनांवरील खुणांची एक ‘भाषा’ असते असे प्रतिपादन केले. तेव्हापासून खूण करणारा तो ‘लेखक’, ती ओळखणारा तो ‘वाचक’ व ती काढणारा तो ‘पुसणारा’, ही परिभाषा रूढ झाली. आजच्या पाठ्यपुस्तकांतही तीच आढळते.

ही परिभाषा शिकविण्यास सोयीची आहे यात संशय नाही. परंतु रूपक स्वीकारताना त्याच्याबरोबर एक गृहीत नकळत स्वीकारले जाते. लिहिणारा व वाचणारा यांना कर्तृत्व आहे. ज्यावर लिहिले जाते तो कागद मात्र जड आहे. कागदावर कोणत्या जागी लिहावे हे कागद ठरवीत नाही, आणि लेखणी टेकल्याने कागदाचा घाटही बदलत नाही. न्यूक्लिओसोमविषयी हे गृहीत खरे आहे काय? ते खरे असेल तर पुनर्रचकांचे काम कागद सरकविण्यापुरते उरते आणि परिवर्तक विकरांचा अभ्यास त्यांच्यावाचून पुरा होऊ शकतो. ते खरे नसेल, तर या विकरांच्या निवडीविषयी जे काही सुट्या शेंड्यांवर प्रयोग करून ठरविण्यात आले, त्याचा बराचसा भाग पुन्हा तपासावा लागेल. डॉ. नारळीकर यांच्या संशोधनाचे महत्त्व या कसोटीवर पाहिले पाहिजे.

३

डॉ. गीता नारळीकर या ज्योतिर्विद जयंत नारळीकर व गणितज्ञ मंगला नारळीकर यांच्या कन्या. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत रसायनशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतल्यावर स्टॅनफर्ड येथे डॅनियल हर्शलॅग यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. तेथे त्यांचा विषय क्रोमॅटिन नव्हता. आरएनएचे काही रेणू विकरांप्रमाणे उत्प्रेरण कसे करतात, याचा त्यांनी अभ्यास केला. ही गोष्ट चरित्राचा तपशील म्हणून येथे नोंदविलेली नाही. विक्रियेचा एकेक टप्पा वेगळा काढावयाचा, प्रत्येकाचा वेग मोजावयाचा आणि रेणू कोणत्या टप्प्यावर अडखळतो हे पाहावयाचे, ही जी शिस्त त्यांना तेथे लाभली तीच पुढे त्यांनी क्रोमॅटिनला लावली. क्रोमॅटिनचे पुष्कळसे संशोधन पेशीत कोणते प्रथिन कोठे आढळते याच्या नोंदींवर उभे असताना ही शिस्त विशेष मोलाची ठरली.

पुढे हार्वर्ड येथे रॉबर्ट किंग्स्टन यांच्या प्रयोगशाळेत काम करीत असता २००१ साली त्यांनी मानवी स्विस्निफ या पुनर्रचकाविषयी एक महत्त्वाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. या विकराच्या क्रियेतून एकच एक नवी रचना निर्माण होत नाही. न्यूक्लिओसोमच्या अनेक भिन्न अवस्था निर्माण होतात आणि त्या एकमेकींत पालटत राहतात, असा त्याचा आशय होता. पुढच्याच वर्षी किंग्स्टन व फॅन यांच्यासमवेत लिहिलेल्या समालोचनात त्यांनी पुनर्रचक व परिवर्तक यांच्या सहकार्याचा प्रश्न हाती घेतला. २००३ पासून त्या सॅन फ्रान्सिस्को येथे आहेत. २०२१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली.

त्या समालोचनाच्या सुमारास उपलब्ध असलेला पुरावा परस्परविरोधी होता. यीस्टमधील एचओ या जनुकावर १९९९ साली कोस्मा, तनाका व नॅस्मिथ यांनी जो क्रम दाखविला त्यात आधी स्विस्निफ येतो व त्यानंतर ॲसिटिलीकरण करणारा सागा हा समूह येतो. स्विस्निफच्या अभावी सागा तेथे पोचत नाही. मानवी पेशीतील बीटा-इंटरफेरॉनच्या जनुकावर २००० साली थानोस यांच्या प्रयोगशाळेने दाखविलेला क्रम याच्या उलट होता. तेथे ॲसिटिलीकरण आधी होते आणि स्विस्निफ मागाहून येतो. त्यामुळे ‘पुनर्रचना आधी की परिवर्तन आधी’ या प्रश्नाला सर्वत्र लागू पडेल असे उत्तर नाही, असा निष्कर्ष काढला गेला. तो चूक नव्हता. पण अपुरा होता. कोण आधी येतो हे कळल्याने पहिल्याने दुसऱ्यासाठी काय केले ते कळत नाही. स्विस्निफने सागासाठी जागा मोकळी केली, की त्याने सागाला स्वतःशी जखडून घेतले, की न्यूक्लिओसोमचा आकार असा काही बदलला की सागाची त्यावरील आसक्ती वाढली? जनुकावरील उपस्थितीच्या नोंदींतून या तीन शक्यता वेगळ्या काढता येत नाहीत. त्यासाठी शुद्ध केलेले रेणू घेऊन परीक्षानळीत मोजमाप करणे भाग आहे.

४

नारळीकर यांच्या प्रयोगशाळेतील पहिला मोठा निष्कर्ष अंतराविषयी आहे. एसीएफ हा पुनर्रचक न्यूक्लिओसोमांना डीएनएवर समान अंतराने मांडतो, ही गोष्ट आधी माहीत होती. तो अंतर कशाने ओळखतो, हे माहीत नव्हते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की न्यूक्लिओसोमच्या बाजूस मोकळा डीएनए जितका लांब, तितक्या वेगाने एसीएफ न्यूक्लिओसोमला त्या दिशेस सरकवितो. ही वाढ साधारण ६० बेस-जोड्यांपर्यंत चालते. म्हणजे ज्या बाजूस जागा अधिक त्या बाजूस ढकलण्याचा वेग अधिक, आणि दोन्ही बाजूंस सारखी जागा झाली की दोन्ही दिशांचे वेग समान होऊन न्यूक्लिओसोम सरासरीने मध्यभागी ठरतो. बाह्य मोजपट्टीवाचून, केवळ वेगांतील फरकाने, समान मांडणी साधते. २००९ साली त्यांनी दाखविले की न्यूक्लिओसोमच्या दोन अंगांस या विकराचे दोन रेणू बसतात व दोघे मिळून तो पुढे-मागे नेतात. त्याच वर्षी शाओवेई झुआंग यांच्या सहकार्याने एकेका न्यूक्लिओसोमची हालचाल प्रत्यक्ष टिपण्यात आली.

वरवर पाहता या निष्कर्षाचा परिवर्तक विकरांशी काही संबंध दिसत नाही. तो संबंध पुढे इतरांच्या कामातून स्पष्ट झाला. २०१२ साली बीजिंग येथील बिंग झू यांच्या प्रयोगशाळेने दाखविले की एच३ वरील २७व्या लायसिनचे मिथिलीकरण करणारा पीआरसी२ हा समूह विरळ न्यूक्लिओसोमांपेक्षा दाट मांडलेल्या न्यूक्लिओसोमांवर अधिक जोमाने कार्य करतो. शेजारच्या न्यूक्लिओसोममधील एच३ चा एक भाग त्याला उत्तेजन देतो. २०१३ साली यीस्टमधील आरपीडी३एस या ॲसिटिल गट उतरविणाऱ्या समूहाविषयीही असेच दिसून आले. त्याची क्रिया शेजारील न्यूक्लिओसोम किती अंतरावर आहे यावर अवलंबून असते, आणि पुनर्रचक ते अंतर बदलून त्याच्या क्रियेचे नियमन करू शकतात.

हे दोन्ही धागे एकत्र ठेवले म्हणजे एक निश्चित विधान करता येते. परिवर्तक विकर ज्याला ओळखतो तो केवळ शेंड्यावरील एक लायसिन नव्हे. दोन न्यूक्लिओसोमांमधील अंतर हाही त्याच्या ओळखीचा भाग आहे. हे अंतर पुनर्रचक ठरवितात. यास्तव पुनर्रचक हा परिवर्तकाच्या निवडीतील एक घटक ठरतो. एसीएफविषयीच्या मूळ प्रयोगांत हा निष्कर्ष सांगितलेला नाही, आणि एसीएफने मांडलेल्या साखळीवर पीआरसी२ अधिक बसतो असे त्यांत दाखविलेलेही नाही. परंतु अंतर कसे ठरते हे ज्ञात नसते तर अंतराचा विकरावर होणारा परिणाम ही एक सुटी नोंद राहिली असती. तिला कारणपरंपरेत स्थान मिळाले नसते.

पुनर्रचक व परिवर्तक यांचा दुसरा संबंध स्पर्धेचा आहे. न्यूक्लिओसोमच्या दोन्ही चपट्या पृष्ठभागांवर एच२ए व एच२बी यांच्या आम्लधर्मी घटकांचा एकेक पट्टा असतो. २०१८ साली नारळीकर यांच्या प्रयोगशाळेने दाखविले की एसीएफमधील एसएनएफ२एच या घटकावर त्याच्याच रेणूतील काही भागांचा जो प्रतिबंध असतो, तो या पट्ट्याच्या संपर्काने सैल होतो. आता एच२ए वर युबिक्विटिन चढविणारा पीआरसी१ हा समूह याच पट्ट्याला धरून बसतो, हे २०१४ साली साँग टॅन यांच्या प्रयोगशाळेने मिळविलेल्या स्फटिकचित्रात स्पष्ट दिसते. एकाच पृष्ठावर एका वेळी दोघांना हा पट्टा धरता येणार नाही, हे उघड आहे. न्यूक्लिओसोमला दोन पृष्ठे असल्याने दोघे समोरासमोर बसू शकतील काय, हा प्रश्न मोजमापाने सुटण्यासारखा आहे.

याच्या उलट दिशेचा परिणामही ध्यानात घ्यावयास हवा. एच४ च्या शेंड्यातील १६व्या लायसिनवर ॲसिटिल गट बसला म्हणजे न्यूक्लिओसोम सरकविण्याची एसीएफची क्षमता घटते, हे २००६ साली क्रेग पीटरसन यांच्या प्रयोगशाळेने दाखविले. अर्थात पुनर्रचक परिवर्तकाची जागा तयार करतो, आणि परिवर्तकाची खूण पुनर्रचकाला आवरते. एचओ जनुकावरील व इंटरफेरॉनच्या जनुकावरील क्रमांत जो विरोध भासत होता तो या दृष्टीने पाहता विरोध राहत नाही. जेथे परस्परावलंबन वर्तुळाकार असते तेथे आरंभ कोठून झाला हे त्या त्या जनुकाच्या पूर्वस्थितीवर अवलंबून राहणार.

५

नारळीकर यांच्या कार्यातील सर्वांत धाडसी व म्हणूनच सर्वांत अधिक चिकित्सेस पात्र असा भाग न्यूक्लिओसोमच्या आकाराविषयी आहे. डीएनए गाभ्यावरून सरकतो तेव्हा हिस्टोनांचा गाभा ताठ राहतो, असे सर्वसाधारणपणे मानले जात होते. २०१७ साली सिन्हा, ग्रॉस व नारळीकर यांनी याला आव्हान दिले. त्यांनी अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या साह्याने गाभ्याच्या आत दडलेल्या ॲमिनो आम्लांच्या परिसरात विकराच्या उपस्थितीत बदल होतो असे दाखविले. नंतर गाभ्यातील विशिष्ट हिस्टोनांना गंधकाच्या बंधांनी एकमेकांशी बांधून टाकले, तेव्हा एसएनएफ२एच ला न्यूक्लिओसोम सरकविणे अवघड झाले. त्यावरून गाभ्याचे विरूपण हा सरकण्याच्या क्रियेचाच एक भाग होय, असा निष्कर्ष त्यांनी काढला. २०१९ साली सानुल्ली व सहकारी यांच्यासमवेत त्यांनी हाच विचार एचपी१ या प्रथिनाला लावला. एच३ वरील ९व्या लायसिनच्या मिथिलीकरणाची खूण वाचणारे हे प्रथिन न्यूक्लिओसोमच्या गाभ्यातील दडलेले भाग उघडे करते, आणि गाभा बांधून टाकला तर क्रोमॅटिन द्रवबिंदूंच्या रूपात एकवटण्याची क्रिया मंदावते, असे या प्रयोगांचे सांगणे आहे.

हे खरे असेल तर कागदाचे रूपक पुरते कोसळते, कारण मग वाचणाराच कागदाचा घाट बदलतो. एच३ वरील ५६व्या व १२२व्या लायसिनसारखी स्थाने डीएनएच्या वेढ्यालगत किंवा त्याखाली असतात. त्यांच्यावर खुणा आढळतात, तेव्हा तेथे विकर पोचतो तरी कसा हा जुना प्रश्न आहे. गाभा लवचीक असून पुनर्रचक त्याला वाकवीत असेल, तर या प्रश्नाचे एक संभाव्य उत्तर हाती येते. परंतु हे उत्तर संभाव्यच आहे. पुनर्रचकाच्या क्रियेने विरूपित झालेल्या न्यूक्लिओसोमवर एखादा परिवर्तक विकर अधिक आसक्तीने बसतो, असे वरील दोन्ही निबंधांत दाखविलेले नाही. पुष्कळ समालोचनांत हे अंतर नकळत ओलांडले जाते आणि अनुमानाला निरीक्षणाचा दर्जा मिळतो. विद्यार्थ्याने येथे सावध राहावयास हवे.

६

आता मर्यादांचा विचार करू जाता चार आक्षेप संभवतात. ते सारख्या वजनाचे नाहीत.

पहिला आक्षेप साधनसामग्रीचा. या क्षेत्रातील बहुतेक प्रयोगांत ‘६०१’ नावाचा डीएनए वापरला जातो. लोवारी व विडम यांनी १९९८ साली कृत्रिम अनुक्रमांच्या मोठ्या संचातून तो निवडून काढला. हिस्टोनांना तो असामान्य बळकटीने धरतो व त्यामुळे न्यूक्लिओसोम एका ठरावीक जागी मिळतो. मोजमापाला ही मोठी सोय आहे. पण सजीवातील जनुकांवर असा डीएनए नसतो. ज्या न्यूक्लिओसोमची जागा मुळातच डळमळीत आहे तेथे पुनर्रचकाने केलेल्या बदलाचे प्रमाण व त्याचा परिवर्तकावरील परिणाम भिन्न असू शकेल. हा आक्षेप रास्त आहे. पण तो संपूर्ण क्षेत्राला लागू आहे, एका प्रयोगशाळेला नव्हे.

दुसरा आक्षेप पुराव्यातील विसंगतीचा असून तो अधिक गंभीर आहे. २०१७ साली सीएचडी१ या पुनर्रचकाचे न्यूक्लिओसोमवर बसलेल्या स्थितीतील जे चित्र शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाने मिळाले त्यात हिस्टोनांचा गाभा नेहमीसारखाच दिसतो. नारळीकर यांच्याच प्रयोगशाळेने यिफान चेंग यांच्या सहकार्याने २०१९ साली एसएनएफ२एच ची चित्रे प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांतील काहींत गाभ्याच्या काही भागांत वाढलेली अस्थिरता आढळली. स्पष्ट व ठसठशीत विरूपण आढळले असे म्हणता येणार नाही. चित्र हे अनेक रेणूंच्या सरासरीवरून घडविले जाते आणि क्षणिक अवस्था त्यात पुसट होते, हा युक्तिवाद ग्राह्य आहे. परंतु जी अवस्था चित्रात उमटत नाही तिच्या बाजूने पुरावा देण्याची जबाबदारी ती मानणाऱ्यावर अधिक पडते. भिन्न पुनर्रचक भिन्न मार्गांनी कार्य करीत असण्याचीही शक्यता आहे, आणि आजच्या पुराव्याशी तीच अधिक जुळते.

तिसरा आक्षेप द्रवबिंदूंविषयी आहे. २०१७ साली नारळीकर यांच्या व गॅरी कार्पेन यांच्या प्रयोगशाळांनी एकाच वेळी एचपी१ चे द्रवबिंदू बनण्याचा गुण वर्णिला आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला. २०२० साली एर्डेल व सहकारी यांनी उंदराच्या पेशींत तपासणी करून, तेथील संहत क्रोमॅटिनमध्ये एचपी१-प्रेरित द्रवबिंदूंची लक्षणे दिसत नाहीत असे प्रतिपादन केले. परीक्षानळीत घडणारी घटना पेशीत घडतेच असे नाही, हे तत्त्व येथे पुन्हा एकदा प्रत्ययास आले. परिवर्तक विकरांच्या संदर्भात या वादाला व्यावहारिक महत्त्व आहे. द्रवबिंदू असेल तर विकराचे त्यातील प्रमाण वाढेल व खुणा वेगाने पसरतील. नसेल तर त्या प्रसाराचे कारण विकराच्या बसण्याउठण्याच्या वेगातच शोधावे लागेल. २०१३ साली अल-सादी व मधानी यांच्यासमवेत नारळीकर यांनी खूण वाचणारे एचपी१ व ती खूण करणारा सुव३९ यांच्यातील कार्यविभागणी दाखविली होती. खूण ओळखणारा सारख्या जातीचा भाग दोघांतही असतो. तरी त्यांच्या कामांची वाटणी अशी आहे की खुणेचा प्रसार सुसूत्रपणे होतो. द्रवबिंदूंच्या गाजावाजात हा निबंध मागे पडला, ही खेदाची गोष्ट होय. प्रस्तुत प्रश्नावर त्याचा प्रकाश अधिक पडतो.

चौथा आक्षेप वापराचा असून तो नारळीकर यांच्यापेक्षा त्यांच्या निष्कर्षांचा आधार घेणाऱ्यांवर आहे. विकराचे ‘बसणे’ आणि विकराचे ‘कार्य करणे’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. दाट न्यूक्लिओसोमांवर पीआरसी२ ची क्रिया वाढते, याचा अर्थ तो तेथे अधिक घट्ट बसतो असा होईलच असे नाही. बसल्यावर त्याचा उत्प्रेरणाचा वेग वाढला तरी परिणाम तोच दिसेल. आसक्ती व वेग यांचे स्वतंत्र मापन केल्याशिवाय ‘पुनर्रचनेमुळे विकर बसू लागला’ हे वाक्य लिहिणे सयुक्तिक नाही. नारळीकर यांच्या स्वतःच्या निबंधांत हे दोन भाग सहसा वेगळे राखलेले दिसतात. त्यांच्या आरएनए-विकरांवरील पूर्वशिक्षणाचे हे फळ होय.

७

महाराष्ट्रातील संशोधनाकडे वळता एक वेगळा पैलू दिसतो. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात संजीव गलांडे यांच्या प्रयोगशाळेने २००६ साली एसएटीबी१ या क्रोमॅटिन-संयोजक प्रथिनाविषयी प्रसिद्ध केलेल्या कामात असे दिसून आले की या प्रथिनाचे फॉस्फरिलीकरण झाले असता ते ॲसिटिल गट उतरविणाऱ्या एचडीएसी१ शी जोडले जाते, आणि फॉस्फरिलीकरण नसता ॲसिटिल गट चढविणाऱ्या पीसीएएफशी जोडले जाते. हेच प्रथिन एसीएफसारख्या पुनर्रचकांनाही जनुकांवर आणते, असे बर्कले येथील कोहवी-शिगेमात्सू यांच्या प्रयोगशाळेने २००२ साली दाखविले होते. म्हणजे एकाच मध्यस्थाच्या हाती पुनर्रचक व परिवर्तक या दोहोंची सूत्रे असू शकतात. नारळीकर यांच्या पद्धतीत मध्यस्थाला स्थान नाही, कारण तेथे रेणूंची संख्या मोजकी ठेवावी लागते. पुण्याच्या कामात मध्यस्थ आहे. पण न्यूक्लिओसोमचे अंतर व आकार मोजलेले नाहीत. या दोन पद्धती परस्परांच्या प्रतिस्पर्धी नसून पूरक आहेत, आणि त्यांचा मेळ घालण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे.

हा मेळ घालण्याची निकड कपाशीच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. लखनौ येथील राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतील संशोधकांनी २०१८ साली असे दाखविले की कपाशीतील एचडीए५ हा ॲसिटिल गट उतरविणारा विकर दाबून टाकला तर तंतूंचा आरंभ कमी होतो व रुईचे उत्पन्न घटते. त्याबरोबर एच३ वरील ९व्या लायसिनच्या ॲसिटिलीकरणाचे प्रमाण बदलते. विकर, खूण व तंतू यांचा संबंध यातून प्रस्थापित झाला. परंतु हा विकर तंतू होऊ पाहणाऱ्या पेशीत कोणत्या न्यूक्लिओसोमांवर बसतो, शेजारच्या आखूड पेशीत तो तेथे का बसत नाही, आणि तेथील न्यूक्लिओसोमांचे अंतर कोणत्या पुनर्रचकाने ठरविले, हे त्या प्रयोगाच्या कक्षेत नव्हते. खुणेचे प्रमाण मोजणे म्हणजे अक्षरे मोजणे. ती त्याच जागी का उमटली याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

यावरून पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी घ्यावयाचा बोध असा. एखाद्या निबंधात ‘अमुक परिवर्तक विकर अमुक जनुकावर आला’ असे विधान आढळले तर त्याला तीन प्रश्न विचारावे. त्या जागेचे न्यूक्लिओसोम तेव्हा कोठे होते व एकमेकांपासून किती अंतरावर होते? मोजली गेली ती आसक्ती की क्रियेचा वेग? आणि पुनर्रचक काढून घेतला असता निष्कर्ष टिकतो काय? विदर्भातील महाविद्यालयांत शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नसेल. पण हे प्रश्न विचारण्यास यंत्र लागत नाही. ज्या पिकावर या भागातील कुटुंबांचे वर्षाचे उत्पन्न अवलंबून आहे त्याच्या बीजांडावर हे प्रश्न अजून कोणी पुरेसे विचारलेले नाहीत, याची जाणीव ठेवली तरी वाचन वाया जाणार नाही.

डॉ. नारळीकर यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना शेवटी एवढे म्हणता येईल. अंतराविषयीचे त्यांचे निष्कर्ष भक्कम असून ते क्रोमॅटिनशास्त्रात स्थिरावले आहेत. आम्लधर्मी पट्ट्याविषयीचे निष्कर्ष भक्कम आहेत, आणि त्यांतून निघणारी परिवर्तकांशी स्पर्धेची उपपत्ती तपासणीची वाट पाहत आहे. आकाराविषयीचे निष्कर्ष विचारप्रवर्तक आहेत. त्यांना अजून स्वतंत्र पाठबळ हवे. परंतु या तिन्हींनी मिळून जे साधले ते यांपैकी कोणत्याही एका निष्कर्षाहून मोठे आहे. न्यूक्लिओसोम हा खुणा धारण करणारा जड पट नव्हे. कोणता विकर आपल्यावर बसेल हे ठरविण्यात त्याचे स्थान, त्याचे शेजार व कदाचित त्याचा आकारही सहभागी असतो, हा विचार त्यांनी मोजमापाच्या पायावर उभा केला. यापुढे परिवर्तक विकरांचा विचार न्यूक्लिओसोमला वगळून करता येणार नाही.